युद्धावरून परतलेल्यांचं ऐकायचं कुणी?

सप्टेंबर १९६९. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय आहे. तिथल्या मनोविकार विभागात सारा हेली ही तरुण समाजकार्यकर्ती नुकतीच रुजू झाली होती. कामाच्या पहिल्याच दिवशी तिच्यासमोर व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक आला. तो भेदरलेला होता. त्याने सांगितलं, की आमच्या कंपनीने माय लाय नावाच्या गावात बायका, मुलं, म्हातारी माणसं गोळ्या घालून मारली. मी गोळी झाडली नाही, म्हणून सोबतच्यांनी मला दम दिला. आता ते मला शोधत येतील आणि मारतील, असं मला वाटतं. हेलीने सगळं लिहून घेतलं आणि डॉक्टरांच्या बैठकीत मांडलं. तिथे निदान आधीच ठरलं होतं : संशयी स्किझोफ्रेनिया. म्हणजे हा माणूस भ्रमात आहे, त्याची गोष्ट त्याच्या आजारातून आलेली आहे. हेली म्हणाली, माणूस खरं बोलतोय असं मला वाटतं. अनुभवी मंडळींनी ते नवख्या मुलीचं भाबडेपण म्हणून सोडून दिलं.

दोन महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, पत्रकार सेमूर हर्श यांनी माय लायची बातमी फोडली. १६ मार्च १९६८ रोजी त्या गावात अमेरिकी सैनिकांनी नि:शस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली होती. व्हिएतनामच्या नोंदीनुसार मृतांचा आकडा ५०४. अमेरिकी लष्कराने मोजलेला आकडा ३४७. 'भ्रम' वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला.

हेलीला त्याचं म्हणणं पटलं याचं एक घरगुती कारण होतं. तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात होते आणि युद्धात माणसं काय काय करतात हे तिने घरातच ऐकलं होतं. पुढे १९७४ साली तिने एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. विषय असा, की समोरचा रुग्ण स्वतःने केलेल्या अत्याचारांबद्दल सांगू लागला तर ऐकणाऱ्याने काय करायचं? तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की अशा वेळी ऐकणाऱ्याला स्वतःच्या मनातल्या भीतीला आणि घृणेला आधी तोंड द्यावं लागतं. नाहीतर तो रुग्णाला गप्प करतो. कधी निदानाचं लेबल चिकटवून गप्प करतो, कधी 'युद्धात असं होतंच' असं सांगून.

माजी सैनिकांच्या मानसिक उपचारांचा इतिहास वाचताना माझं लक्ष वारंवार या ऐकणाऱ्याकडे जातं. सैनिकांवर पुस्तकं भरपूर आहेत. पण टेबलाच्या अलीकडे बसलेला माणूस कोण होता, त्याचा पगार कोण देत होतं, ऐकलेल्या गोष्टीचं त्याने काय करावं अशी अपेक्षा होती, हे फारसं कुणी विचारत नाही. इथे एक फरक सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे तो सर्रास पुसला जातो. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषधं लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ सहसा औषध देत नाही. तो चाचण्या घेतो आणि बोलण्यातून, ऐकण्यातून, ठरावीक पद्धतींनी उपचार करतो. आज अमेरिकेत माजी सैनिकांच्या बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे साध्या भाषेत ओपीडीत, हे काम फार मोठ्या प्रमाणावर मानसशास्त्रज्ञ करतात. शंभर वर्षांपूर्वी असं काही नव्हतं.

पहिल्या महायुद्धात सैनिकांची मनं ढासळायला लागली तेव्हा नाव आलं 'शेल शॉक'. फेब्रुवारी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात चार्ल्स मायर्स यांनी हा शब्द छापून आणला. मायर्स डॉक्टर होते आणि केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञही. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला हादरा बसतो, अशी सुरुवातीची समजूत होती. पण गोळा ज्यांच्या जवळपासही फुटला नव्हता असे लोकही थरथरत, मुके होत, त्यांना दिसेनासं होई. एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स अधिकाऱ्यांवर उपचार करत. त्यांची पद्धत विजेचे झटके देण्याची नव्हती, बोलतं करण्याची होती. १९१७ साली त्यांच्याकडे कवी सिगफ्रीड ससून आले. ससून यांनी युद्ध लांबवलं जातंय असा जाहीर निषेध केला होता. कोर्ट मार्शल टाळण्यासाठी त्यांना 'आजारी' ठरवून रुग्णालयात पाठवलं गेलं. रिव्हर्स यांनी त्यांचं मनापासून ऐकलं, दोघांची मैत्री झाली, आणि काही महिन्यांनी ससून पुन्हा सैन्यात रुजू झाले. रिव्हर्स यांचं काम तेच होतं : माणूस बरा करायचा आणि जिथून आला तिथे परत धाडायचा. त्यांना स्वतःलाही हे बोचत असे.

युद्ध संपल्यावर प्रश्न पैशांचा झाला. १९२१ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे ६५ हजार माजी सैनिक मज्जातंतूंच्या दुबळेपणासाठी पेन्शन घेत होते. १९२२ साली सरकारी समितीने 'शेल शॉक' हा शब्दच वापरातून काढावा अशी शिफारस केली. शब्द गेला. माणसं होती तिथेच राहिली.

याच युद्धात आपल्याकडची माणसंही होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुत शहराला तुर्की फौजेचा वेढा पडला होता. वेढ्यात अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणींचे लोक होते. त्या काळच्या मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. उपासमारीनंतर शरणागती झाली आणि सुमारे १३ हजार लोक कैदी झाले. त्यांतले कितीतरी परतलेच नाहीत. जे सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत परतले, त्यांच्या मनाचं काय झालं याची नोंद कुणी ठेवली? फ्रान्समधून भारतीय सैनिकांनी लिहिलेल्या पत्रांची भाषांतरं मात्र शिल्लक आहेत. ती काळजीपोटी ठेवलेली नाहीत. सेन्सॉरवाल्यांनी ती उघडून वाचली आणि उतारे काढले, म्हणून ती वाचली. ब्रिटिश राज्यात भारतीय शिपायाचं मन ऐकणारा माणूस असा एकच : पत्र फोडणारा कारकून.

मुसलमान शिपायांच्या वाट्याला एक वेगळा पेच होता. तुर्कस्तानचा सुलतान हा त्यांच्यातल्या अनेकांच्या दृष्टीने खलिफा होता. १९१६ च्या सुरुवातीला बसऱ्यात १५ व्या लान्सर्सच्या मुसलमान घोडेस्वारांनी तुर्कांविरुद्ध चाल करायला नकार दिला. लष्कराच्या लेखी हा गुन्हा होता आणि त्यावर उपाय होता कोर्ट मार्शल. ज्याला गोळी झाडणं अधर्म वाटतं त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, हा प्रश्न विचारायला त्या वेळी कुणाकडे शब्दच नव्हता. तो शब्द यायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं लागली. त्याकडे मी येतो.

अमेरिकेत त्या काळचे मानसशास्त्रज्ञ ऐकत नव्हते, मोजत होते. १९१७-१८ मध्ये रॉबर्ट यर्कीस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १७ लाख भरती झालेल्यांची बुद्धिमापन चाचणी झाली. वाचता येणाऱ्यांना 'अल्फा' चाचणी, न येणाऱ्यांना 'बीटा'. कोण अधिकारी व्हायच्या लायकीचा, कोण ओझी उचलायच्या, हे त्या कागदांवरून ठरवायचं. पुढची पंचवीस वर्षं मानसशास्त्रज्ञ म्हणजे विद्यापीठात शिकवणारा किंवा चाचण्या घेणारा माणूस. उपचार हा डॉक्टरांचा प्रांत.

दुसऱ्या महायुद्धाने हे गणित मोडलं. अमेरिकेचे दीड कोटींहून अधिक लोक गणवेशात होते. ते घरी आले तेव्हा माजी सैनिकांच्या खात्याच्या रुग्णालयांतल्या निम्म्याहून अधिक खाटा मनोरुग्णांनी भरलेल्या होत्या. या खात्याला तिथे सगळे 'व्हीए' म्हणतात. तेव्हा त्याचे प्रमुख होते जनरल ओमार ब्रॅडली, युरोपात लाखोंची फौज हाताळलेले सेनानी. मनोविकारतज्ज्ञ मिळतील तितके थोडे होते. मग १९४६ मध्ये व्हीएने विद्यापीठांना सांगितलं, की तुम्ही आम्हाला मानसशास्त्रज्ञ तयार करून द्या, त्यांच्या शिक्षणाचा खर्च आम्ही करतो, प्रशिक्षण आमच्या रुग्णालयांत होईल. पहिल्या वर्षी २२ विद्यापीठं आणि सुमारे २०० विद्यार्थी. तीन वर्षांनी कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर इथे परिषद भरली आणि उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने संशोधकही असलं पाहिजे हा नमुना ठरला. आज जगभर, आपल्या पुण्या-मुंबईतही, 'क्लिनिकल सायकॉलॉजी' म्हणून जो अभ्यासक्रम चालतो, त्याच्या घडणीत या घटनेचा मोठा वाटा आहे. एक अख्खा व्यवसाय युद्धातून परतलेल्यांच्या गर्दीमुळे उभा राहिला.

बाह्यरुग्ण विभागाचीही सुरुवात इथलीच. व्हीएने शहराशहरांत 'मेंटल हायजीन क्लिनिक' उघडली. विचार साधा होता. माणूस नोकरीवर जातो, पोरं सांभाळतो, पण रात्री झोपत नाही, दारू पितो, हात उगारतो. त्याला वेड्यांच्या वॉर्डात दाखल करून काय साधणार? आठवड्यातून एकदा येऊ दे, तासभर बोलू दे, घरी जाऊ दे. हे स्वस्तही होतं, हे नाकारायचं कारण नाही. सरकारी खात्यातल्या अनेक चांगल्या गोष्टी स्वस्त पडतात म्हणूनच मंजूर होतात.

त्याच वर्षी, १९४६ मध्ये, चित्रपट दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांनी लष्करासाठी एक माहितीपट पूर्ण केला : 'लेट देअर बी लाइट'. न्यूयॉर्कजवळच्या लष्करी रुग्णालयातले खरे रुग्ण, त्यांचे खरे उपचार. रडणारे, अडखळणारे, चालता न येणारे सैनिक पडद्यावर पाहून लष्कराने चित्रपट दाबून ठेवला. तो जनतेला दिसला १९८० च्या अखेरीस. चौतीस वर्षांनी.

व्हिएतनामचं युद्ध वेगळं होतं, आणि त्यातून परतणंही. बहुतेकांची नेमणूक वर्षभराची असे. पलटण एकत्र जात नसे आणि एकत्र येतही नसे. माणूस एकटा विमानात बसे आणि जंगलातून निघाल्यावर एखाद-दोन दिवसांत घरच्या स्वयंपाकघरात असे. जहाजावरचे ते लांब दिवस, ज्यात आधीच्या पिढीतले सैनिक आपसात बोलून मोकळे होत, या पोरांना मिळाले नाहीत. वर देशात युद्धविरोधी वातावरण. आणि निदानाच्या अधिकृत पुस्तकात त्यांच्यासाठी जागाच नव्हती. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत युद्धातल्या तीव्र ताणासाठी एक नोंद होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली गेली होती. व्हिएतनाममध्ये लढाई ऐन भरात असताना! त्यामुळे ओपीडीत आलेल्या माणसाला स्किझोफ्रेनिक, दारुडा किंवा मुळातच बिघडलेल्या स्वभावाचा ठरवणं एवढेच पर्याय उरत.

तेव्हा सैनिकांनी स्वतःच दार शोधलं. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांच्या संघटनेने आपल्या कचेरीत गप्पांच्या बैठका सुरू केल्या. 'रॅप ग्रुप' हे त्याचं नाव, रॅप म्हणजे त्या काळच्या बोलीत मोकळं बोलणं. रॉबर्ट लिफ्टन आणि काइम शटन हे दोन मनोविकारतज्ज्ञ तिथे जाऊन बसू लागले. अट अशी, की तज्ज्ञाची खुर्ची वेगळी नाही. फी नाही, केसपेपर नाही, आणि सैनिकांनी उलट प्रश्न विचारले तर उत्तर द्यायचं : तुम्ही युद्धाच्या काळात काय करत होता? लिफ्टन आधी हिरोशिमातून वाचलेल्यांशी बोलून आले होते. आता ते मारणाऱ्यांच्या बाजूने आलेल्यांशी बोलत होते. मे १९७२ मध्ये शटन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या अवस्थेवर लेख लिहिला आणि 'पोस्ट-व्हिएतनाम सिंड्रोम' हे नाव लोकांच्या तोंडी आलं.

सरकारी दार उघडायला मात्र वेळ लागला. सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन १९७१ पासून व्हिएतनामच्या सैनिकांसाठी स्वतंत्र समुपदेशनाचा कायदा मांडत होते. तो वारंवार अडकला. अडवणाऱ्यांत जुन्या युद्धांतल्या माजी सैनिकांच्या संघटनाही होत्या, हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. आम्ही सोसलं, तुम्हालाच काय झालं, हे वाक्य प्रत्येक समाजात मोठी माणसं लहानांना ऐकवतात. शेवटी १९७९ मध्ये कायदा झाला. त्या वेळी व्हीएचे प्रमुख होते मॅक्स क्लीलँड. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेले.

या कायद्यातून 'व्हेट सेंटर' उभी राहिली. रुग्णालयाच्या आवारात नाही, बाजाररस्त्यावरच्या दुकानवजा गाळ्यांत. आत कॉफी, जुने सोफे, आणि समुपदेशकांत बरेचसे स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेले. नोंदी व्हीएच्या रुग्णालयापासून वेगळ्या ठेवायच्या, माणसाच्या संमतीशिवाय कुणाला द्यायच्या नाहीत. ज्यांचा सरकारवरचा विश्वास उडालाय, त्यांना सरकारी खर्चाने सरकारपासून थोडं दूर बसवायचं, असा तो प्रयोग होता. आज अशी सुमारे ३०० केंद्रं आहेत. ऐकलेलं बोलणं ही अमानत असते हे आपल्याला शिकवलं जातं. ती अमानत कायद्यात आणि इमारतीच्या पत्त्यात उतरवलेली मी पहिल्यांदा इथे पाहिली.

१९८० मध्ये निदानाच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यात नवं नाव आलं : पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, पीटीएसडी. लिफ्टन, शटन, हेली या सगळ्यांच्या खटपटीचा त्यात वाटा होता. आजाराचं कारण माणसाच्या बालपणात किंवा स्वभावात नाही, त्याच्यावर गुजरलेल्या घटनेत आहे, ही यातली मोठी गोष्ट. दहा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं, की व्हिएतनामला गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के त्या घडीलाही पीटीएसडीने ग्रस्त होते. आयुष्यात कधी ना कधी झालेले सुमारे ३१ टक्के. २००६ मध्ये हीच माहिती लष्करी कागदपत्रांशी ताडून पुन्हा तपासली गेली, तेव्हा आकडे ९ आणि १९ टक्क्यांच्या आसपास आले. कमी झाले तरी युद्धाला दशकाहून अधिक काळ उलटल्यावरचे हे आकडे आहेत.

निदान झालं, पण उपचार? तो एका वेगळ्याच वाटेने आला, आणि ही वाट मला फार बोलकी वाटते. सैनिकांसाठी आज जे दोन उपचार व्हीएत सर्वाधिक शिकवले जातात, ते मुळात बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांबरोबर काम करताना घडले. पॅट्रिशिया रेसिक यांची 'कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी' आणि एडना फोआ यांची 'प्रोलाँग्ड एक्सपोजर'. दोघीही मानसशास्त्रज्ञ. सगळ्यांत मर्दानी समजल्या जाणाऱ्या पेशातली माणसं बायकांच्या दुःखातून शिकलेल्या पद्धतीने बरी होतात. पहिली पद्धत साधारण बारा भेटींची. माणूस घरी कागदावर लिहून आणतो : ही घटना माझ्यासोबत का घडली असं मला वाटतं, आणि त्यानंतर मी स्वतःबद्दल, लोकांबद्दल काय मानू लागलो. मग एकेक वाक्य तपासायचं. 'मी सावध असतो तर तो वाचला असता.' खरंच? तुला तेव्हा काय माहीत होतं? दुसऱ्या पद्धतीत डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात, पुन्हा पुन्हा सांगायची. सांगितलेलं ध्वनिमुद्रित होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. ज्या रस्त्यांना, गर्दीला, दुकानांना माणूस टाळतो, तिथे हळूहळू जायचं.

या कामाचं रोजचं रूप अगदी साधं असतं. एक खोली. सैनिक बहुधा अशी खुर्ची निवडतो, की पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे. हे ठाऊक असल्याने मानसशास्त्रज्ञ खुर्च्या आधीच तशा मांडून ठेवतो. सुरुवातीला वीस प्रश्नांचा कागद, प्रत्येकाला शून्य ते चार गुण : महिनाभरात नको त्या आठवणी किती आल्या, झोप किती मोडली, किती दचकलात. घरात बंदूक आहे का, हा प्रश्न तिथे तितक्याच सहजतेने विचारला जातो जितक्या सहजतेने आपल्याकडे मधुमेह आहे का विचारतात, आणि आहे म्हटलं तर कुलूप फुकट दिलं जातं. जुलैत स्वातंत्र्यदिनाचे फटाके वाजतात, तेव्हा काय करायचं याची तयारी जूनमध्येच करावी लागते. आणि ओपीडी असल्याने तास संपला की माणूस गाडी चालवत घरी जातो, बायकोमुलांकडे. वॉर्डात रात्रपाळीची नर्स असते. इथे रात्रपाळी घरच्यांची.

पण याच इमारतीत दुसरी एक खोली असते. तिथेही मानसशास्त्रज्ञच बसतो, फक्त तो उपचार करत नाही, तपासणी करतो. सैनिकाच्या मानसिक जखमेला सरकार टक्के लावतं : ०, १०, ३०, ५०, ७० किंवा १००. या टक्क्यांवर दरमहा रक्कम ठरते. पहिल्या खोलीत माणसाला सांगायचं असतं की मी सुधारतोय. दुसऱ्या खोलीत सिद्ध करायचं असतं की मी अजून आजारी आहे. बरं होण्याची किंमत भाडं थकण्यात मोजावी लागेल ही भीती घेऊन लोक पहिल्या खोलीत बसतात, आणि ऐकणाऱ्याला ती भीती बाजूला ठेवून काम करता येत नाही. यावरून 'हे लोक पैशासाठी सोंग करतात' असा निष्कर्ष काढणारे तिथेही आहेत. मला वाटतं दोष त्या दोन खोल्यांच्या रचनेचा आहे.

आता तो शब्द. जोनाथन शे हे बोस्टनच्या व्हीए बाह्यरुग्ण विभागात व्हिएतनामच्या सैनिकांबरोबर काम करणारे मनोविकारतज्ज्ञ. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की बरेचसे लोक भीतीबद्दल बोलतच नाहीत. ते अन्यायाबद्दल बोलतात. वरिष्ठाने खोटं बोलायला लावलं, चुकीच्या ठिकाणी पाठवलं, जे बरोबर होतं त्याचा घात केला. १९९४ च्या 'अकिलीज इन व्हिएतनाम' या पुस्तकात त्यांनी हे ग्रीक महाकाव्यातल्या अकिलीजच्या संतापाशी जोडून मांडलं. पुढे 'मॉरल इंज्युरी', नैतिक जखम, हा शब्द रूढ झाला. २००९ मध्ये बोस्टनचेच मानसशास्त्रज्ञ ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी व्याख्या विस्तारली : स्वतःच्या नीतीविरुद्ध काही करणं, होत असताना न थांबवणं, किंवा ते पाहावं लागणं. लिट्झ यांच्या उपचारात सैनिकाला मनातल्या मनात एखाद्या मेलेल्या सोबत्याशी किंवा ज्याचा तो मनापासून मान ठेवतो अशा माणसाशी बोलायला लावतात. भीतीवर 'आता तू सुरक्षित आहेस' हे उत्तर चालतं. ज्याने चूक केली आहे त्याला 'तुझी चूक नव्हती' असं सांगणं म्हणजे १९६९ च्या त्या बैठकीतल्या डॉक्टरांनी केलं तेच वेगळ्या शब्दांत करणं. बसऱ्याच्या त्या घोडेस्वारांची आठवण मला इथेच झाली.

वाचकांपैकी कुणी एव्हाना विचारत असेल : हदिथात २००५ साली २४ इराकी नागरिक मारले गेले, अबू गरेबची छायाचित्रं जगाने पाहिली, आणि आम्ही काळजी करायची ती मारणाऱ्यांच्या झोपेची? प्रश्न रास्त आहे. त्यात भर घालणारी एक गोष्ट मी स्वतःहून सांगतो. याच व्यवसायातले जेम्स मिचेल आणि ब्रूस जेसन हे दोन मानसशास्त्रज्ञ, दोघेही पूर्वी हवाई दलाशी संबंधित, यांनी सीआयएसाठी कैद्यांच्या चौकशीची ती क्रूर पद्धत आखली. नाकातोंडात पाणी ओतून गुदमरवणं, दिवसेंदिवस जागं ठेवणं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने नेमलेल्या वकिलाचा अहवाल जुलै २०१५ मध्ये आला. संघटनेतल्या काही पदाधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याला सोयीचे नीतिनियम ठेवण्यासाठी हातमिळवणी केली होती, असं त्यात नोंदलं गेलं. पुढच्याच महिन्यात संघटनेने मानसशास्त्रज्ञांना अशा चौकशीत भाग घ्यायला मनाई केली. एकाच विद्येची दोन टोकं. एक माणूस कैद्याचं मन मोडायला शिकवतो, दुसरा मोडलेल्या शिपायाला आठवड्याला एक तास देतो. आणि कधी कधी दुसऱ्याच्या खोलीत बसलेला शिपाई पहिल्याच्या तळघरात पहारा देऊन आलेला असतो.

तरीही हेलीची बाजू मला योग्य वाटते. माय लायच्या मृतांबद्दल त्या रुग्णालयात पहिल्यांदा बोललं गेलं ते त्या भेदरलेल्या शिपायाच्या तोंडून. त्याला वेडा ठरवणाऱ्यांनी त्याच्याबरोबर त्या मृतांनाही नाकारलं होतं. शिपायाचं ऐकणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे. माफीचा हक्क ज्यांचा आहे ते त्या खोलीत नसतातच.

इराक-अफगाणिस्तानच्या पिढीत ऐकणारे वाढले, शब्द वाढले, रांगही वाढली. २००४ मध्ये डॉक्टर चार्ल्स होग आणि सहकाऱ्यांनी इराकहून परतलेल्यांची पाहणी केली. मानसिक आजाराच्या निकषांत बसणाऱ्यांपैकी मदत घेतलेले जेमतेम २३ ते ४० टक्के होते. उरलेल्यांची कारणं : वरिष्ठ वेगळ्या नजरेने पाहतील, सोबत्यांचा विश्वास उडेल, लोक दुबळा म्हणतील. २०१४ मध्ये फिनिक्सच्या व्हीए रुग्णालयात प्रतीक्षायाद्या लपवल्या जात असल्याचं उघड झालं आणि मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं, की ते दोन नावाजलेले उपचार घेतलेल्या सैनिकांतल्या बऱ्याच जणांना लक्षणीय आराम पडला, पण सुमारे दोन तृतीयांश लोकांचं पीटीएसडीचं निदान उपचारानंतरही कायम राहिलं. आढावा लिहिणाऱ्यांत लिट्झ आणि होग दोघेही होते. आपल्याच क्षेत्राचा हिशेब असा उघड मांडणारी माणसं मला विश्वासार्ह वाटतात.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं. टीव्हीवर विमानामागे धावणारे लोक दिसत होते आणि व्हीएने माजी सैनिकांसाठी खास निवेदन काढलं : राग येईल, वाटेल की सगळं फुकट गेलं, आमच्याशी बोला. त्याच आठवड्यांत त्या सैनिकांचे अफगाण दुभाषे कुटुंबासह अमेरिकेतल्या लष्करी तळांवर उतरत होते. त्यांनी तेच रस्ते, तेच स्फोट, तीच प्रेतं पाहिली होती, बहुतेकदा जास्त वर्षं. पण ते अमेरिकी सैन्याचे शिपाई नव्हते, दुभाषे म्हणून कामाला होते. त्यामुळे व्हीएच्या ओपीडीत त्यांचा केसपेपर निघत नाही. त्यांची फाइल निर्वासितांच्या पुनर्वसनाकडे जाते.